ऐंशीव्या किलोमीटरची विहीर

या, जरा पुढे सरकून बसा. देवाने दोन भावंडांना तहानेतून कसं सोडवलं, ते सांगतो. ही गोष्ट लांबून ऐकायची नाही.

भाऊ गाड्या दुरुस्त करायचा, ताई शाळेत भूगोल शिकवायची. वाळवंटात दगड झालेल्या झाडांचं रान आहे, असं त्यांचा ट्रकवाला मामा सांगत आला होता. आता मामाची नजर चालली होती. ती जायच्या आत त्याला त्या रानाचे फोटो दाखवायचे, म्हणून महिनाभर जेवणाच्या टेबलावर बेत शिजला. नकाशात रस्ताच नव्हता. होती ती मामाची वही: 'शेवटच्या चौकीपासून ऐंशी किलोमीटर, डावीकडे टेकाडाआड विहीर. पुढे चाळीसवर रान.' भावाने वाळूसाठी जीपला खास मोठे टायर चढवले.

चौकी सुटली आणि रेडिएटरचा पाइप फाटला. रबराने आवळला तरी ठिबकतच राहिला. प्यायचं पाणी त्यात ओतत, मीटरवर डोळे लावून दोघं पुढे निघाली. ऐंशी आलं. ना टेकाड, ना विहीर! नुसती सपाट, डोळे दिपवणारी वाळू. बाटलीत दोन घोट उरले होते.

"मामा चुकला असेल."

"तीस वर्षं ट्रक हाकलाय त्याने. इंजिनिअरसाहेब, तुमचं काय चुकलं ते बघा."

तो चिडून उतरला. टायरवर लाथ मारायला उचललेला पाय तसाच राहिला.

"ताई, टायर मोठे घातले, पण मीटर जुळवलाच नाही. चाक जास्त पळतं, मीटर कमी मोजतो. आपण अठ्ठ्याऐंशी आलोय."

"गिऱ्हाइकांना हेच बजावतोस ना?"

"बजावतो. फुकट."

जीप वळली. इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. थांबायचं. इंजिन निवू द्यायचं. पुन्हा रेटायचं! अखेर टेकाड आलं, आणि त्याच्याआड विहीर. रहाटावर नवा दोर, दोराला बादली. दोघं पोटभर प्यायली, रेडिएटर आणि बाटल्या भरून घेतल्या. ताईने हात जोडले.

"पाइप घरापर्यंत टिकेल," भाऊ म्हणाला, "रान गाठून परत यायला नाही."

ताईने पुढच्या वाटेकडे एकदा पाहिलं, विहिरीचा फोटो काढला आणि गाडीत बसली.

मामाने फोटो अगदी डोळ्यांशी धरला. रानाचं नावही काढलं नाही.

"दोर नवा आहे रे."

"हो. पण आसपास कुणीच नव्हतं."

"माझ्या वेळीही नवाच असायचा. बांधणारा कधी दिसला नाही."

तुम्ही पाण्याचा पेला तोंडाला लावाल, तेव्हा त्या दोर बांधणाऱ्याची तेवढी आठवण ठेवा.