पुरुषोत्तम सरांच्या उरलेल्या ओळी

सकाळी कपाट उघडलं आणि श्यामलाबाईंनी मल्लेश्वरमच्या ठाण्यात फोन केला.

फौजदार हंबीरराव आले तेव्हा त्या टेबलाशी नुसत्या बसून होत्या. नवरा गेला त्याला महिना झाला होता. तेव्हापासून त्यांना रडू येत नव्हतं, भूकही कळत नव्हती. समोर नवऱ्याचं आयुष्यभराचं हस्तलिखित होतं, म्हणजे कुणीतरी कात्री चालवून जे मागे ठेवलं होतं तेवढं. दुसरी प्रत नव्हती.

प्राध्यापक पुरुषोत्तम ग्रीसच्या सर्वांत जुन्या तत्त्वज्ञांवर लिहीत. त्या मंडळींचे ग्रंथ बुडाले, सुट्या ओळी उरल्या, आणि त्या ओळींवर जगभरच्या विद्वानांची पोटं भरतात.

हंबीररावांनी एक तुकडा उचलला. ‘सगळं पाणीच आहे असं थेलिस म्हणाला. तो चुकला, कारण’. इथे कात्री. दुसरा तुकडा: ‘मग जग कशाचं झालं? उत्तर सोपं आहे.’ पुन्हा कात्री.

“किल्ली कुणाकडं असायची, अक्का?”

“यांची दृष्टी गेल्यापासून खुंटीलाच. यांची विद्यार्थिनी आसावरी रोज वाचून दाखवायला यायची. हयवदनराव भांडायला यायचे.”

“तुम्ही वाचलं होतं?”

“नाही. छापून आलं की वाच, म्हणाले होते. तेवढंच राहिलंय माझं.”

दोघांना बोलावणं गेलं. हयवदनराव सरांचे जुने वैरी. आल्याआल्या भडकले.

“मी कशाला चोरू? या पुस्तकाचे वाभाडे काढणारं परीक्षण लिहून तयार आहे माझं!”

“न वाचताच?”

“वाचलं की मन कलुषित होतं. आता पुस्तकच नाही तर परीक्षण छापणार कोण? आधीच आमच्या विषयाचं एकुलतं एक नियतकालिक, तेही प्रत्येक लेख दीड वर्ष दाबून ठेवतं.”

आसावरीनं डोळे पुसले. “काकू, धीर सोडू नका. या तुकड्यांवरही काम होऊ शकतं. माझा पहिला लेख त्या नियतकालिकानं स्वीकारलासुद्धा.”

हंबीररावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

“स्वल्प थांबा, ताई. तुकडे आज सकाळी सापडले. दीड वर्ष लेख दाबणाऱ्यांनी या तुकड्यांवरचा तुमचा लेख स्वीकारला कधी?”

हंबीररावांनी ते दोन तुकडे तिच्यापुढे सरकवले.

“इथं प्रश्न ठेवलेत आणि उत्तरं नेलीत, बघा की. हयवदनरावांना शिव्या द्यायला उत्तरंच हवीत. पुस्तक पूर्ण निघालं तर नाव सरांचं. तुकडे उरले तर तुकड्यागणिक एक लेख, आणि त्यावर नाव तुमचं. सरांना दिसत नव्हतं. तुम्ही त्यांच्यासमोर बसून कापत होता.”

आसावरीचा बांध फुटला. “पूर्ण पुस्तक कोण वाचतं, काकू? एक परीक्षण येतं, मग गोदाम. तुकड्यांवर लोक सरांबद्दल शंभर वर्षं भांडले असते! पानं आहेत, हॉस्टेलवर, ट्रंकेत. जाळायचा धीर नाही झाला.”

श्यामलाबाईंना राग आला नाही. बराच वेळ काहीच आलं नाही.

“घेऊन ये ती,” त्या म्हणाल्या. “उभ्या संसारात माझ्याशी तुकड्यातुकड्यांनीच बोलले ते. एकदा तरी पूर्ण ऐकू दे.”