कोरी डिस्क आणि निमिषची पावलं

पडद्यावर माझा भाऊ चटईवर उभा होता. पुढच्या क्षणी तो टीपॉयपाशी पोचला. मधला रस्ता गायब. मग एकदम सोफ्याजवळ, एक पाय हवेत, आणि तिथेच चित्र गोठलं.

"हा चालतोय की बेडूक झालाय?" मी वैतागून म्हणाले.

थांबा, नीट सांगते. मी शाल्मली. आम्ही मिरजेत राहतो आणि माझी आई चंद्रावर. ती भूवैज्ञानिक आहे (दगडमातीचा अभ्यास करणारी). निमिष पाच महिन्यांचा असताना ती तिथल्या स्थानकावर गेली. आता तो वर्षाचा झालाय आणि परवा पहिल्यांदा चालला. आईचा कॉल येतो, पण निमिष सगळा वेळ माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसतो. मागच्या कॉलवर आईने हळूच विचारलं, "शाल्मली, मी परत आल्यावर हा ओळखेल ना गं मला?" मी 'हो' म्हणाले. खरं तर मलाच खात्री नव्हती, आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

म्हणून त्याचं चालणं तिला दिसायलाच हवं होतं. स्थानकावरच्या माणसाला घरचे लोक महिन्यातून एकदा एक मिनिटाचं चित्रण पाठवू शकतात. आमची वेळ आज संध्याकाळी सहापर्यंतची. ती चुकली की पुढचा महिना. आणि हातात होतं काय, तर चार चित्रणं: माझ्या फोनचं, आजोबांच्या म्हणजे आबांच्या फोनचं, छताच्या कॅमेऱ्याचं, आणि बंडोपंतांच्या डोळ्यातलं. बंडोपंत म्हणजे आमचा घरकाम करणारा यंत्रमानव. आबा त्याला अहोजाहो करतात, म्हणून आम्हीही करतो.

चारही चित्रणं शेजारी शेजारी एकदम चालवून बघायची आणि नेमकं मिनिट कापायचं, एवढंच काम. पण ते करायचं आईच्या जुन्या संगणकावर, कारण स्थानकाचा प्रोग्राम तिने त्याच्यावरच घालून ठेवला होता. चित्रणं चांगली होती. एकेक लावलं की नीट चालायची. चारही एकदम लावली की बेडूक.

माझे आबा शास्त्रज्ञ आहेत, पण द्राक्षांच्या मुळांचे. तरी त्यांनी काल संगणक उघडून पाहिला.

"यात जुनी हार्ड डिस्क आहे," ते म्हणाले. "म्हणजे माहिती साठवणारी फिरती तबकडी. तिच्यावर एक बारीक दांडा असतो, तो माहिती वाचतो. पण दांडा एकच. तुझी चार चित्रणं तबकडीवर चार ठिकाणी. आता पंगतीत वाढपी एकटाच असेल आणि चार कोपऱ्यांतून चार जण आमटी मागत असतील, तर काय होईल?"

"पळून पळून दमेल."

"आणि तो पोचेपर्यंत पानं रिकामी. पडद्यालाही चित्र वेळेवर मिळत नाही, म्हणून तो मधली चित्रं गाळतो."

मग आबांनी सॉलिड स्टेट ड्राइव्ह आणली (फिरता भाग नसलेली साठवण). बिस्किटाच्या पुड्यापेक्षाही लहान. तिच्यात तबकडी नाही, दांडा नाही. सिलिकॉनच्या चिपमध्ये अब्जावधी इवल्या खोल्या असतात आणि त्यांत इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) कोंडलेले असतात. कुठल्या खोलीत किती, यावरून माहिती वाचायची. प्रत्येक खोलीला पत्ता असतो. विजेचा इशारा थेट त्या पत्त्यावर जातो. कुणाला पळावं लागत नाही.

आबांनी ती जुनीच्या शेजारी बसवली आणि जुनीवरचं सगळं नवीवर हलवायचं काम बंडोपंतांना दिलं.

आज सकाळी संगणक सुरू केला. पूर्वी तो सुरू होईपर्यंत माझा चहा संपायचा. आज कप तोंडाला लागायच्या आत पडदा हजर. प्रोग्रामही चुटकीसरशी उघडला. मी खुशीत चारही चित्रणं लावली.

निमिष चटईवर. निमिष टीपॉयपाशी. बेडूक.

"असं कसं?" आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उलटी बसवली का मी?"

उलटी बसली असती तर संगणक सुरूच झाला नसता, असं मी म्हणाले. मग आबांना वाटलं संगणक तापला. त्यांनी टेबलफॅन लावला. माझे केस उडाले, बाकी काही नाही. मग त्यांना वाटलं दुकानदाराने नकली माल गळ्यात मारला. पण नकली असेल तर प्रोग्राम एवढ्या लवकर कसा उघडला? मला काही कळेना आणि त्यांनाही काही कळेना. बाबा निमिषला लस टोचायला घेऊन गेले होते, नाहीतर गोंधळात आणखी एकाची भर पडली असती.

चार वाजून गेले. मला रडू यायला लागलं होतं, पण मी ते रागावून घालवत होते.

"तो फॅन बंद करा हो आबा. आधीच ही कुरकुर, त्यात..."

मी बोलता बोलता थांबले. आबांनी फॅन बंद केला. मी चित्रणं पुन्हा लावली. कुर्र, कट्‌. कुर्र, कट्‌. मी थांबवली. आवाज थांबला.

"आबा, नव्या डिस्कमध्ये काहीच हलत नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग कुरकुरतंय कोण?"

आबांनी खुर्ची पुढे ओढली. मग आम्ही दोघांनी एकदमच चित्रणांचा पत्ता उघडून पाहिला. चारही चित्रणं जुन्या डिस्कवर होती. नव्या डिस्कवर फक्त संगणक सुरू करणारे आणि स्थानकाचे प्रोग्राम. म्हणून ते पटकन उघडत होते, आणि चित्र आणायला मात्र तोच दमलेला वाढपी पळत होता.

"बंडोपंत," आबा म्हणाले, "सगळं हलवा म्हटलं होतं ना?"

"हलवलं असतं, आबा," बंडोपंत पोळपाट पुसत म्हणाले. "पण एवढं भरलं असतं तर नवी डिस्क लगेच जुनी झाली असती. या घरात नवी वस्तू जपून ठेवतात. नवे कप पाहुण्यांसाठी कपाटात आहेत. रिमोटचं प्लास्टिक दोन वर्षं काढलेलं नाही. सकाळी आधी कालची भाकरी संपवायची, मग ताजी घ्यायची. मी तेच शिकलो. म्हणून आधी जुनी डिस्क वापरायची आणि नवी जमेल तितकी कोरी ठेवायची."

मला रागवायचं होतं, पण कुणावर रागवायचं तेच समजेना. आबांनी तर मान खाली घातली.

"चूक आमची आहे, बंडोपंत. आता हलवा सगळं."

"पण हलवायलाही जुनीच वाचावी लागणार," मी घाबरून म्हणाले. "सहा वाजतील."

"नाही वाजणार. आता वाढप्याला एकाच रांगेत सरळ चालायचंय. तेवढं त्याला जमतं."

खरंच जमलं. पाचच्या आत सगळं नव्या डिस्कवर आलं. मी चारही चित्रणं एकदम चालवली. खोलीत चिडीचूप. आणि निमिष चालला. एकेक पाऊल, डुगडुगत, न अडखळता.

परवा तो चालला तेव्हा आबा सोफ्यावर होते आणि आम्ही बाकीचे पाठीमागून टाळ्या वाजवत होतो. तो आबांकडे निघालाय आणि तोल जाऊन पुढे भिंतीपाशी गेला, असंच आम्हाला वाटलं. शेवटी त्याचा चेहरा फक्त बंडोपंतांच्या चित्रणात होता. आता चारही बाजूंनी एकदम बघताना दिसलं, की सोफ्यापाशी त्याने आबांचा पुढे केलेला हात टाळला आणि तो वळला. भिंतीवर आईचा फोटो आहे, केस मोकळे सोडलेला. तो सरळ तिकडे गेला, दोन्ही हात वर केले आणि हसला.

मी तेच मिनिट कापलं आणि पाठवलं. सहाला थोडा वेळ होता.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा आईचा कॉल आला. ती डोळे पुसत होती. निमिषने सवयीने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं.

मग आईने स्थानकाची टोपी काढली. ती घालावी लागते म्हणून इतके दिवस आम्ही तिला टोपीतच बघत होतो. केस सगळीकडे तरंगल्यासारखे पसरले, कारण चंद्रावर सगळंच हलकं असतं.

निमिषने मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि माझ्या मांडीवरून खाली उतरायला लागला.