तेहतीस तासांच्या पुढे

ती भांडायच्या तयारीनेच प्रयोगशाळेचा जिना उतरली होती. लागोपाठ दोन आठवडे कोंबडीची पिल्लं काढणाऱ्या हॅचरीतून आलेली निम्मी अंडी वाया गेली होती. आज त्या अंडीवाल्याची चांगली खरडपट्टी काढायची, असं ती पायरीपायरीला घोकत होती. आणि दारात बघते तर काय... एक उंच तरुण नखशिखांत भिजून उभा, आणि त्याचा रेनकोट अंड्यांच्या ट्रेवर!

"अहो, तुम्ही भिजलात की!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"मी काय, वाळेन," तो म्हणाला. "अंडी ओली झाली तर कामातून जातात. आधीचा माणूस स्कूटरवर आणायचा ना, हादरे बसायचे. मी बसने आणली. मांडीवर घेऊन."

मांडीवर! दोन डझन अंडी! भांडण गेलं कुठल्या कुठे.

त्या खेपेचं एकही अंडं वाया गेलं नाही. मग तो दर गुरुवारी येऊ लागला, आणि प्रयोगशाळेतल्या मावशींनी त्याचं नावच 'गुरुवार' पाडलं. "ताई, तुमचा गुरुवार आला हो!" अशी हाक त्या मुद्दाम सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी द्यायच्या. तीही रागावल्याचं सोंग करायची आणि धावत खाली जायची.

एकदा त्याने विचारलं, "या अंड्यांचं तुम्ही करता तरी काय?"

तिने त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. काचेखाली तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ होता. "तो जांभळा पट्टा दिसतोय? तिथे मेंदू होणार आहे. त्या पेशींमधलं एक जनुक जागं झालंय, म्हणून रंग फक्त तिथेच चढलाय."

"बाकीच्या पेशींत ते नसतं?"

"असतं की. सगळ्या पेशींत सगळंच असतं. जागं कुठे होतं, एवढाच प्रश्न."

"माणसांसारखंच म्हणायचं," तो डोळा न हलवता म्हणाला.

तिला हसू आलं. "आणि गंमत सांगू? बेडकांत असं दिसलंय, की या पेशींना 'मेंदू हो' असं कुणी सांगावंच लागत नाही. शेजारून सारखं 'होऊ नकोस, होऊ नकोस' चाललेलं असतं. त्या 'नको'ला कुणी गप्प केलं की झालं. कोंबडीत जरा जास्त भानगडी आहेत."

"भानगडी कुठे नसतात?" म्हणत त्याने वर पाहिलं. बघतच राहिला. तिने उगाचच काचा पुसायला घेतल्या.

"मग पुढे? पिल्लू कधी निघतं?"

"पुढे काही नाही. तेहतीस तासांवर मी थांबवते. मला सुरुवातच बघायची असते."

"म्हणजे इतकी अंडी उबवलीत आणि पिल्लू बाहेर येताना एकदाही नाही पाहिलंत? सुरुवात बघायची आणि थांबवायचं... जमतं बुवा तुम्हाला!"

तो थट्टेने बोलला, पण तिला ते लागलं. आई नेमकं हेच म्हणायची. पोहणं असो, चित्रकला असो, नाहीतर आत्याने सुचवलेला तो मुलगा असो, हिची सुरुवात दणक्यात आणि पुढे गाडी ठप्प. पुढे काही बिघडेल या भीतीने ही आधीच हात आखडता घ्यायची. हा गुरुवार मात्र बिघडू नये, असं तिला फार फार वाटत होतं. प्रत्येक अंड्यावर तो शिसपेन्सिलीने तारीख आणि वेळ लिहायचा. त्याच्या अक्षरातलं एक टरफल तिने टेबलाच्या खणात कापसात जपून ठेवलं होतं. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

आणि मग एके दिवशी सरांनी जाहीर केलं, "आता यापुढे काम माशांच्या गर्भावर. अंडी बंद."

शेवटच्या गुरुवारी ती ट्रे घ्यायला खाली गेली. पाऊस भुरभुरत होता.

"मासे कोण आणून देणार?" त्याने विचारलं.

"ते इथेच वाढतात. टाकीत."

"म्हणजे गुरुवार..."

"हो..."

दोघांनाही बोलायचं होतं आणि दोघंही ट्रेकडे बघत होती. शेवटी तोच म्हणाला, "थंड जागी ठेवलीत तर आठवडाभर दम धरतात. त्यापुढे नाही धरत." आणि तो बसमध्ये चढला. त्याने मागे वळून पाहिलं, पण तोवर काचेवर वाफ धरली होती.

तिने अंडी थंड कपाटात ठेवली, ती तशीच. शुक्रवार गेला, सोमवार गेला. उबवायला लावली की तेहतीस तासांत सगळं संपणार होतं, आणि तिचा हात काही धजत नव्हता. रोज कपाट उघडायची, त्याचं अक्षर वाचायची, कपाट लावायची.

बुधवारी मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ताई, उद्या आठवडा होईल. मशीनला लावू का फेकून देऊ? अहो, एवढ्या शिकलात, आणि एक वाक्य बोलता येईना?"

ती उठली. ट्रे घेतला, बाहेर पाऊस होता म्हणून आपला रेनकोट त्यावर घातला आणि बस पकडली. सगळी वाट तिने अंडी मांडीवर धरली होती. वळण आलं की जीव मुठीत.

हॅचरीच्या दारात तो तिला बघून दचकलाच. "खराब निघाली का?"

"नाही. लावायची आहेत. इथे."

"आणि फोडणार कधी?"

"फोडायची नाहीत."

त्याने ट्रे हातात घेतला. "एकवीस दिवस लागतात, मॅडम."

"मोजता येतं मला."

"मध्येच थांबवणार नाही ना?"

तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. "माझ्या आत कुणीतरी सारखं 'नको, नको' म्हणत असतं. आज त्याला गप्प बसवून आलेय. तुम्ही मला आवडता. नुसतं गुरुवारी नाही... रोज."

त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि एकेका अंड्यावर आजची तारीख घालू लागला. एका अंड्यावर तर त्याने ती दोनदा घातली.

"रोज फिरवावी लागतात ही अंडी," तो खाली मान घालून म्हणाला. "दिवसातून तीनदा. एकट्याने जमत नाही मला."

फिरवायचं काम यंत्रच करतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"मग येईन की मी," ती म्हणाली.