गुडमारचं पान

रात्री जैन मंदिराच्या कट्ट्यावर तात्या घामानं डबडबले होते. दीपा खडीसाखर पुढं करत होती, पण वडिलांचं तोंड घट्ट मिटलेलं.

"दिवस मावळलाय, पोरी. आता तोंडात काय न्हाय घालणार."

"तात्या, तुमची साखर उतरलीय हो!"

रस्त्यानं जाणारी एक स्कूटर थांबली. उतरलेला तरुण थेट तात्यांसमोर उकिडवा बसला.

"काका, रात्री न जेवायच्या नियमात औषधाची सूट ठेवलीय न्हवं?"

"ठेवलीय की."

"माझं नाव अनेकांत. बावड्यात वैद्य हाय. ही साखर आत्ता औषध म्हणून देतोय. घ्या."

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं... आणि तोंड उघडलं.

थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला, तेव्हा सगळा घोळ बाहेर आला. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर सांगितलेली. तात्या जेवायचे दिवसाउजेडी आणि गोळी घ्यायचे अंधार पडल्यावर. वर शेजाऱ्यानं दिलेला, साखर उतरवणाऱ्या गुडमारच्या पाल्याचा काढा, तोही पेलाभर!

"काढ्याचं डॉक्टरांना सांगितलंत?"

तात्या चपलांकडं बघू लागले.

"पाल्यात जोर हाय, काका. म्हणून तर मापानं घ्यायचा. आणि गोळी सोडायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी अनेकांतनं दीपासमोरच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी गोळी संध्याकाळच्या जेवणाला जोडली आणि काढा थांबवला. पुढं तपासण्या बघून दोघांनी मिळून थोडासा पाला ठरवला. दीपाला नवल वाटलं. एकमेकांना हसणारे वैद्य-डॉक्टर तिनं पुष्कळ पाहिले होते. हा मात्र विचारताना जराही लाजत नव्हता!

मग तपासणीचे कागद घेऊन ती बावड्याला जाऊ लागली. कागद पाहायला त्याला फारच वेळ लागायचा... आणि तिलाही घाई नसायची.

एके दिवशी तो म्हणाला, "साखर छान आटोक्यात हाय. आता... सारखं यायची गरज न्हाय."

तिचा चेहरा उतरला. ते लपवायला तिनं खिडकीतल्या वेलीकडं बोट केलं. "हाच का तो गुडमार?"

"चावून बघा की."

तिनं पान चावलं. त्यानं गुळाचा खडा दिला. तो चाखताच तिनं तोंड वाकडं केलं.

"अय्या! मातीगत लागतोय! वैद्यबुवा, काय केलंत हे?"

"पानाचा गुण तो, जिभेची गोडी मारतं. थोडं थांबा, गोडी परत येईल."

"थांबू म्हणता?"

अनेकांतनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थांबा की... कायमच्या."

बाहेर उसाची ट्रॉली खडखडत गेली. दीपानं उरलेला गूळ तोंडात टाकला. तो अजून मातीसारखाच लागत होता.

"थांबते," ती म्हणाली. "पण तात्यांना विचारायला तुम्हीच या. दिवस मावळायच्या आत... म्हणजे जेवूनच जाल."