सव्वाचार मिनिटं, पंखा बंद

त्याला खरं तर एका बूट विकणाऱ्याने पाठवलं होतं. जिथे पूर्वी व्हिडिओ स्टुडिओ होता तिथे आता बुटांचं दुकान झालं होतं, आणि तिथल्या माणसाने "समोर विचारा" म्हणून हात झटकले होते. समोर मामाचं फोटोचं दुकान, आणि आतल्या खोलीत व्हिडिओची कापाकापी करणारी मामाची भाची.

"या डिस्कमधली सव्वाचार मिनिटं हवीत. रविवारपर्यंत."

"एवढंच? उद्या न्या," ती म्हणाली. आपल्या कामाबद्दल तिला जरा जास्तच खात्री होती.

डिस्कने तिला तासाभरात जमिनीवर आणलं. कॉम्प्युटरमध्ये घ्यायला गेलं की चित्र क्षणात उजळायचं, क्षणात काळवंडायचं, आणि मग पाटी यायची: ही डिस्क संरक्षित आहे. जादा प्रती आपल्याकडूनच घ्याव्यात म्हणून स्टुडिओवाल्याने कुलूप घालून ठेवलं होतं. फोनवर तो मनापासून हसला. "मूळ टेपा केव्हाच पुसल्या हो. टीव्हीसमोर कॅमेरा लावून घ्या, माझी ना नाही."

दुसऱ्या दिवशी डिस्क देऊन गेलेला तो मुलगा आला. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, म्हणून तिने मनात त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. स्वतः मात्र चष्मा लावत नव्हता.

"आहे काय एवढं यात?" तिने विचारलं.

"आजोबा बोलतायत. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो गेलाच. रविवारी त्यांना ऐंशी पूर्ण होतील... आणि त्यांचा आवाज या डिस्कशिवाय कुठेच नाही."

"मग घरीच लावा की!"

"माझं लग्न ठरलं तेव्हाची आहे ती. ते मोडलं. आई डिस्क घरात लावू देत नाही. फक्त आजोबा हवेत, बाकीचं कापा."

"का मोडलं?" विचारायचं नव्हतं, पण विचारून झालं होतं.

"तिला दुसरा आवडायचा. सरळ सांगितलं तिने. चांगली मुलगी."

शनिवारी दुपारी त्यांनी टीव्हीसमोर कॅमेरा लावला आणि खिडकीचा पडदा ओढला. कॅमेऱ्याला स्वतःचाच काय तो माइक, म्हणजे खोलीतला प्रत्येक आवाज आत जाणार. पंखा बंद.

"शिंकायचं नाही. खुर्ची हलवायची नाही. श्वास... जमल्यास."

"ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवू का?"

पहिल्या वेळी रस्त्यावर हॉर्न वाजला. दुसऱ्या वेळी बाहेरून मामा ओरडला, "चिमे, चहा!" तिसऱ्या वेळी पुन्हा मामाच, चहा गार होतोय म्हणून. दर वेळी पडद्यावर आजोबांच्या शेजारी चष्मेवाला दुसऱ्याच मुलीकडे बघून बावळटासारखा हसत होता. तिसऱ्यांदा तिला ते हसू आवडेनासं झालं. चौथ्यांदा का आवडत नाही तेही कळलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. गिऱ्हाईक होतं ते! उद्या रविवार, काम संपणार, आणि काम संपलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

चौथ्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

पाचव्या वेळी आजोबा पुन्हा रंगात आले होते. "हा पठ्ठ्या माझा चष्मा घालून शाळेत गेला आणि शिपायालाच हेडमास्तर समजून गुड मॉर्निंग सर म्हणाला!" तिने सहज शेजारी पाहिलं. अंधुक उजेडात चष्मेवाला ओठ चावत, घामाघूम होऊन बसला होता, कान लालबुंद. ती हसली. चांगली मोकळी, खळखळून. तोंडावर हात ठेवला तोवर उशीर झाला होता. त्याने खुणेनेच सांगितलं, थांबवू नका.

"पुन्हा घेऊ," संपल्यावर ती म्हणाली. "मी घाण केली."

"राहू दे."

"अहो, आजोबांच्या आवाजात माझं खिदळणं?"

"राहू दे म्हटलं ना..." तो उठला, पंखा लावला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "छान वाटतंय."

तिने ती मुलगी कापली, त्यालाही कापलं, आजोबा तेवढे ठेवले. तिचं हसणं आजोबांच्या बोलण्यावरच पडलं होतं, ते कापता येत नव्हतं. संध्याकाळी तो नवी डिस्क घेऊन गेला. रविवारी दुकान बंद, तरी ती दोनदा येऊन गेली. ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याचा आवाज परत मिळणार, आणि मध्ये आपण दात काढतोय, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. सोमवारी तिने एकाच फोटोचं तीनदा बिल केलं. "चिमे, तब्येत बरी आहे ना?" मामाने विचारलं. ती त्याच्यावरच खेकसली.

दुपारी चष्मेवाला आला.

"बिघडलं ना सगळं?"

"छे. सहा वेळा पाहिलं त्यांनी. आधी रडले, मग हसले. आईसुद्धा येऊन बसली." त्याने खिशातून वहीचा एक कागद काढून काउंटरवर ठेवला. "हल्ली ते लिहूनच बोलतात."

थरथरत्या अक्षरात एवढंच होतं: मध्ये हसली ती कोण?

बाहेरच्या खोलीतलं मामाचं फोटो छापायचं मशीन एकाएकी थांबलं.

"मग... काय सांगितलंत?"

"काहीच नाही." कान पुन्हा लाल झाले होते. "म्हटलं, तिलाच विचारून सांगतो."

तिने कागद पुन्हा वाचला, नीट घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

"मग विचारा ना," ती म्हणाली.

त्याने विचारलं.