ए मायनरची दोन पानं

बेल वाजली. तिनं दार उघडलं तर समोर खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. मास्क हनुवटीखाली ओढलेला, हातात रबरी मोजे, आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"एक विनंती होती... पियानो जरा हळू वाजवाल?"

"आवाज कमी करू?"

"छे हो, आवाज छान आहे. वेग— वेग कमी करा. तुम्ही सुटलात की माझा पेशंट खुर्ची घट्ट धरतो. आणि खरं सांगू? माझाही हात भरभर चालायला लागतो. दातांच्या बाबतीत ते बरं नाही."

तिला हसू फुटलं, पण लगेच विरलं. त्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

रचना जेमतेम दोन पानांची. ए मायनर, उदास स्वरांची पट्टी. पहिल्याच ओळीवर ठळक सूचना: अतिशय संथ. डाव्या हाताचे स्वर जड पावलांनी उतरत जातात, उजव्या हाताची धून मागे रेंगाळते. संगीत विद्यालयातल्या शिक्षिकेच्या जागेसाठी हीच वाजवायची होती. गेल्या वर्षी तिथं ती मधेच अडली, पुढचा स्वर काही केल्या आठवेना, आणि परीक्षकांसमोरून तशीच उठून आली. तेव्हापासून ती ही दोन पानं मागे कुत्रं लागल्यासारखी वाजवायची. थांबलं की विसरायला होतं, म्हणून थांबायचंच नाही!

"तुम्हाला संगीतातलं कळतं वाटतं?" तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

"ओ की ठो नाही. पण रोज ऐकतोय ना... शेवटी काहीतरी होतं बघा, घरी पोचल्यासारखं. फक्त तुम्ही इतक्या धावत येता की दार उघडलंय हेच कळत नाही."

तो गेला तरी ती उंबऱ्यातच उभी. शेवटच्या ओळीत उदास मायनरचं उजळ मेजर होतं, हे तिला पाठ होतं. ऐकू मात्र कधी आलं नव्हतं.

"कोण गं?" आतून बाबांनी विचारलं.

"खालचे डॉक्टर," ती आत येत म्हणाली.

"मग एवढी लाल का झालीस? दाढ काढली की काय?"

त्या दिवसापासून ती संथ वाजवू लागली. दवाखाना बंद करून तो जिन्यात थांबायचा. आधी खालच्या पायरीवर, मग मधल्या, मग थेट दाराशी. "आज पेशंट झोपला चक्क," तो सांगायचा. "मग फी मला द्या," ती म्हणायची. तो हसला की तिला उगाचच खिडकी उघडावीशी वाटायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी 'उद्या याल का?' असं विचारायला ती खाली गेली. काउंटरवरची बाई त्याची कॉलर नीट करत म्हणत होती, "वेळेवर जेव. आणि घरी येताना दूध आण, विसरशील नाहीतर!"

दूध... ती आल्या पावली परतली. संध्याकाळी तिनं इतकं संथ वाजवलं की बाबा म्हणाले, "अगं, झोपलीस का?"

दुसऱ्या दिवशी विद्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर तो आधीच बसलेला!

"बाबांकडून वेळ कळली," तो म्हणाला. "दवाखाना बंद ठेवलाय."

"घरी रागावतील."

"कोण?"

"त्या... दूध आणायला सांगणाऱ्या."

तो असा हसला की शिपायानं डोळे वटारले. "ती माझी ताई! सख्खी! मी जन्मल्यापासून मला कामं सांगतेय."

"म्हणजे..."

"म्हणजे माझ्या घरी दूध आहे, बायको नाही."

छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं. पण तो गंभीर झाला होता. "एक आत्ताच सांगतो. निकालानंतर बोललो तर तुम्हाला वाटेल, आनंदाच्या भरात बोलतोय, नाहीतर समजूत काढतोय. तुम्ही मला आवडता. आत काहीही होवो..."

शिपायानं तिला हाक मारली.

आत ती वाजवू लागली, आणि नेमकी त्याच जागी पुन्हा अडली. स्वर गायब. पण या वेळी ती उठली नाही. डावा हात तसाच दाबून ठेवला, एक श्वास घेतला... आणि स्वर आपल्या पायांनी चालत आला. शेवटची ओळ उजळत गेली. ती तिनं कान भरून ऐकली.

"तो मधला विराम कागदावर नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

"नाही. मला आठवतच नव्हतं."

बाई मोठ्यानं हसल्या. "सोमवारपासून या. मुलांना हेच शिकवा. अडलं तरी उठायचं नाही."

बाहेर दातांचा डॉक्टर नखं खात उभा होता.

"काय झालं?"

"अडले."

त्याचा चेहरा पडला. "...आणि?"

"आणि पुढे गेले. जागा मिळाली!"

तो मटकन बाकावर बसला. ती शेजारी टेकली.

"आणि माझं?" त्यानं फरशीकडे बघत विचारलं.

"एक अट आहे. बाबांना तू स्वतः सांगायचं. आजच. ते चेष्टा फार करतात."

'तू' ऐकून तो उठला आणि परत बसला. "एक मिनिट... आधी हे 'तू' पचू दे."

तिनं त्याचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता. आत पुढच्या उमेदवाराचं वाजवणं सुरू झालं. कुठली रचना, कुठला स्वर, तिला काही कळलं नाही. हात उबदार होईपर्यंत तिनं तो सोडला नाही. झाल्यावरही नाही.