तोएकाका जिवंतपणीच बुडाले

"गिनीकोंबडीइतकं बेइमान पाखरू सगळ्या कोमबिला गावात शोधून सापडणार नाही," तलातो धापा टाकत म्हणाली.

सलग तिसऱ्या सकाळी तिची सातही पाखरं अंगणातून बंधाऱ्याकडे पळाली होती. मागून आतेभाऊ सिबिरी येत होता, दोन्ही गालांत शेंगदाणे कोंबून. त्याच्यामागे शेजारचा नोआगा. हा वर्गात पहिला यायचा, पण डबक्यात पाय घालायचा तरी तीनदा विचार करायचा. शाळेला सुट्टी, शेतात काम नाही. मग पाखरांमागे पळणं हाच तिघांचा धंदा.

शेतात काम असणार कुठून? जूनमध्ये दोन दणदणीत पाऊस झाले, नवा मातीचा बंधारा अर्धा भरला, आणि आभाळाने जे तोंड फिरवलं ते सतरा दिवस वळवलंच नाही. वीतभर आलेली बाजरी पिवळी पडली होती. आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी, कोरड्या बाजूला, चटईएवढा एक तुकडा मात्र हिरवागार! पाखरं तिथे किडे टिपत होती.

नोआगाने वाकून त्या हिरवळीतून ओंजळभर पाणी घेतलं.

"पाणी आहे," तो म्हणाला.

"बंधाऱ्याजवळ पाणी नाही तर काय सागबो शिजलेला असणार?" सिबिरीला बाजरीच्या सागबोखेरीज दुसरं काही सुचत नसे.

"अरे, पण लाल बघ किती. नुसतं झिरपलं असतं तर नितळ असतं, मडक्यातून झिरपतं तसं. हे माती घेऊन येतंय."

"म्हणजे बंधारा आतून खाल्ला जातोय," तलातो हळूच म्हणाली.

खाली चाळीस बायकांचे भाजीचे वाफे होते, त्यांत तिच्या आईचेही. आई तीन वर्षं दर कोरड्या हंगामात दूर आबिजान शहरात भांडी घासायला जायची. ऑक्टोबरात बसमध्ये बसली की पेरणीपर्यंत तोंड दिसायचं नाही. यंदा बंधाऱ्याचं पाणी आहे म्हणून ती म्हणाली होती, आता जायची नाही. बंधारा गेला की वाफे गेले. वाफे गेले की आई गेली.

तिघं तडक बाजारातल्या कडुनिंबाखाली गेली. तिथे बंधारा समितीचे अध्यक्ष तोएकाका बसलेले. ते मूळचे सामो जमातीचे, पण तीस वर्षं आम्हा मोसी जमातीच्या गावात राहून पोट आणि आवाज दोन्ही वाढवलेले. बंधारा पुरा व्हायच्या आधीच त्यांनी बंधाऱ्याचं चित्र असलेलं कापड छापून आणलं होतं. अर्ध्या गावाने ते घेतलं, आणि स्वतः तोएकाका तर त्याचाच सदरा घालून झोपत असत. त्यांनी पोरांचं अर्धंच ऐकलं. सगळ्या बंधाऱ्यांना घाम येतो, म्हणाले, आणि शेळ्या राखायला जा, म्हणाले. समितीच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या माना उभ्याच हलत. आडव्या हलवायची त्यांना सवय नव्हती.

"मोठ्या माणसाला पुरावा लागतो," नोआगा परतताना म्हणाला.

"मोठ्या माणसाला चष्मा लागतो," सिबिरी म्हणाला.

रस्माता आत्या, म्हणजे सिबिरीची आई, कापड रंगवायची. कोपरापर्यंत कायम निळी. काय हवंय ते ऐकून तिने उरलेल्या निळीचं एक मडकं दिलं आणि मडकं फुटलं तर तिघांची डोकी त्याच रंगात बुडवीन असं बजावलं.

आता पाणी आत शिरतं कुठून, ते कसं कळावं? सिबिरी पाण्याच्या कडेने शेंगांची टरफलं टाकत चालला. सगळी टरफलं आळशासारखी तरंगत राहिली. पूर्वेच्या टोकाला मात्र एक टरफल गोल गोल फिरलं आणि गप्पकन आत गेलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. तलातोने निळीचं मडकं तिथेच उपडं केलं आणि तिघं पलीकडच्या हिरव्या तुकड्यापाशी जाऊन बसली. भात शिजेल एवढा वेळ गेला. मग आधी पाखरांच्या चोची निळ्या झाल्या, मग पाय.

सिबिरी चावायचा थांबला, यावरूनच काय ते समजा. "तिथे चिंच होती," तो म्हणाला. "मी तिच्यावर चढायचो. उद्घाटनाला दोनच दिवस उरले म्हणून खुंट उपटलाच नाही त्यांनी. वरून माती लोटली."

खुंटाची मुळं कुजली होती, वाळवीने पोखरली होती, आणि बंधाऱ्याच्या पोटात आरपार नळी झाली होती.

हे सांगायला गेली, तर तोएकाका म्हणाले की रस्माताने धुणं धुतलं असेल. पूर्वेकडे ढग जमू लागले होते. तलातो घरी निघाली, तर वाटेत आई वाफ्यात भेंडीला माती लावत गुणगुणत होती. या माणसाशी आदराने बोलून काही व्हायचं नाही, हे तिला तेव्हाच उमगलं. मग बेअदबीने बोलायचं! मोसी आणि सामो यांचं चेष्टेचं नातं पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलेलं. मोसीच्या पोराने सामो म्हाताऱ्याला वाटेल ते बोलावं. जो चिडेल तो हरला. आणि त्या नात्याची आण घालून काही मागितलं, तर नाही म्हणायची सोय नाही.

शुक्रवारच्या भर बाजारात मयत आली. चार पोरांनी उचललेल्या चटईवर सिबिरी आडवा, पोटावर उशी, अंगावर बंधारा छापलेलं कापड. नोआगा डोकं धरून हुंदके देत होता; भीतीने त्याला खरंच रडू येत होतं, ते उपयोगी पडलं. तलातोने चटई कडुनिंबाखाली ठेवायला लावली आणि ऊर बडवायला सुरुवात केली.

"गेला गं बाई आमचा तोए! हातातलं कुत्र्याचं मुंडकं सोडवेना, म्हणून पोहायला हात रिकामे नव्हते त्याचे!"

सामोंना कुत्र्याचं मुंडकं खाण्यावरून चिडवायचं ही मोसींची जुनी रीत. बाजार हसून लोळला. तोएकाका उठले. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या; पण चिडायचं तर नव्हतं.

"अगं मोसींच्या पोरी," ते म्हणाले, "ते मुंडकं तुझ्याच आजोबांनी चोरून नेलं होतं. बरं, मेलो कसा मी?"

"चिंचेच्या खुंटावर माती लोटलीत ना काका, तिथून बंधारा फुटला. तुम्ही बुडालात, आणि तुमच्या मागे चाळीस बायकांचे वाफे."

हसणं थांबलं. समितीतले दोघे जमिनीकडे बघू लागले. खुंट त्यांना ठाऊक होता.

"नात्याची आण आहे," तलातो म्हणाली. "चला आणि आपली कबर बघा."

तोएकाका चालू लागले. त्यांच्यामागे अख्खा बाजार, शेळ्यांसकट. नोआगाने पाण्याच्या बाजूला पुन्हा नीळ ओतली. तोएकाका हिरव्या तुकड्यापाशी गुडघ्यावर बसले, वाट पाहिली, मग त्यांनी हात भोकात घातला. खांद्यापर्यंत गेला. बाहेर आला तेव्हा मुठीत वाळवीने पोखरलेलं मूळ होतं, आणि हात रस्मातासारखा निळा.

मग त्यांनी तो छापील सदरा काढून बाजूला ठेवला आणि कुदळ मागितली.

पाण्याच्या बाजूने पोत्यांची भिंत रचली. गाढवगाड्यांनी चिकणमाती आणली. पुरुषांनी खुंट मुळांसकट उपसला. माती दाबायला यंत्र मागवू या, असं समितीतल्या कुणीतरी म्हटलं, तेव्हा बायकांनी त्याला बाजूला सारलं. घराची जमीन चोपायच्या लाकडी थापट्या आणून चाळीसजणी ओळीने बसल्या आणि गात गात थरामागून थर चोपू लागल्या. दोन दिवस तो ठोका थांबला नाही. मधोमध तलातोची आई होती, आणि तिचा हात सगळ्यांत जोरात पडत होता.

रविवारी पाऊस आला तो शेळी वाहून जाईल असा. पाणी सांडव्यावरून धो धो गेलं. पूर्वेचं टोक तसूभर हललं नाही. खाली पायथ्याशी तिघांनी दहादा जाऊन बोटं लावून पाहिली.

सोमवारी गावप्रमुख नाबांनी तिघांना अंगणात बोलावून वडीलधाऱ्यांच्या बरोबरीने बसवलं. या पोरांनी गाव राखलं, म्हणाले, आणि यापुढे समितीच्या बैठकीत तलातोची एक जागा राहील. मग तोएकाका उभे राहिले. चूक माझी होती, असं त्यांनी चारचौघांत एका दमात सांगून टाकलं. असं बोलायला मोठं पोट नाही, मोठी छाती लागते.

"आणि मोसींना अक्कल असते असं मी तीस वर्षं मानलं नाही," ते म्हणाले. "आजही मानत नाही. या तिघांची आजी नक्की सामो असणार!"

नाबासुद्धा पोट धरून हसले.

तलातो धावत वाफ्यांकडे गेली. आई ओल्या मातीत बोटाने रेघा ओढून काळं बी पेरत होती. काय आहे, तलातोने विचारलं.

"कांदा," आई मान वर न करता म्हणाली. "आता रोप करायचं, पाऊस ओसरताना लावायचं. काढायला डिसेंबर उजाडेल. कोण काढणार? मीच की."

तलातो तिच्या शेजारी बसली आणि पुढची रेघ ओढू लागली.